प्रतिपालक आणि सिंहीण : एल्साच्या संगोपनातील अनुबंधाचे स्वरूप

बीजसंज्ञा : सिंहीण, प्रतिपालक, अनुबंध, माणसाळणे, मुद्रांकन, पुनर्वसन, वन्यजीव नीती

प्रस्तावना

मानव आणि हिंस्र श्वापद यांच्यातील सख्य हा भारतीय मनाला फार प्राचीन काळापासून मोहविणारा विषय आहे. देवीचे वाहन सिंह आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'तील बाल सर्वदमन सिंहाच्या छाव्याशी खेळतो आणि त्याचे दात मोजू पाहतो. सिंहाच्या पंजातील काटा काढणाऱ्या गुलामाची पाश्चात्त्य कथा आपल्याकडील मुलांनाही परिचित आहे. या सर्व कथांत सिंहाची मैत्री ही माणसाच्या पराक्रमाची, पावित्र्याची अथवा करुणेची खूण म्हणून येते. त्या मैत्रीत सिंहाचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न मात्र कथेत क्वचितच उपस्थित होतो.

मराठी वाचकाला या विषयाचा जवळचा परिचय झाला तो डॉ. वा. ग. पूर्णपात्रे यांच्या 'सोनाली'मुळे. खानदेशातील चाळीसगावी एका घरात वाढलेली सिंहीण, तिची रूपाली नावाची कुत्री सोबतीण आणि पुढे पुण्याच्या पेशवे पार्कमध्ये झालेली तिची रवानगी ही हकिकत शालेय पाठ्यपुस्तकातून अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. वर्गात या पाठाचा विषय निघाला की विद्यार्थी हमखास विचारतात : एवढा जीव लावला होता, तर तिला पिंजऱ्यात का ठेवले? प्रश्न निरागस आहे. परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. प्रस्तुत लेखाची प्रेरणा हाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केनियातील एल्सा या सिंहिणीचे उदाहरण निवडले आहे. जगभरात हाताने वाढविलेल्या सिंहिणी अनेक झाल्या. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपासून मृत्यूपर्यंतचा ज्यांचा जीवनक्रम तपशिलाने नोंदला गेला, अशा थोड्यांमध्ये एल्साचे स्थान पहिले आहे. शिवाय तिच्या प्रतिपालकांनी पिंजरा आणि घर या दोन पर्यायांपलीकडील तिसरा पर्याय शोधला. तो कितपत साधला व त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. एल्सा आणि ॲडमसन दांपत्य यांच्यातील अनुबंधाच्या जडणघडणीचे टप्पे स्पष्ट करणे.
२. सिंहाच्या नैसर्गिक समाजजीवनाच्या आधारे या अनुबंधाचा अर्थ लावणे.
३. माणसाळणे आणि पाळीव होणे या दोन संकल्पनांतील भेद विशद करणे.
४. प्रतिपालकाच्या नैतिक जबाबदारीची आजच्या, विशेषतः भारतीय, संदर्भात चर्चा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख विवेचनात्मक स्वरूपाचा आहे. प्रकाशित वृत्तांत व प्राणिवर्तनशास्त्रातील प्रस्थापित निष्कर्ष या दुय्यम साधनांचा त्यासाठी आधार घेतला आहे. प्रतिपालकांचे कथन हे प्रेमाने भारलेले असते. म्हणून त्यातील वर्तनविषयक नोंदी आणि त्या नोंदींचे भावनिक अर्थ वेगळे ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

एल्साची पार्श्वभूमी

जॉर्ज ॲडमसन यांचा जन्म १९०६ मध्ये भारतातील इटावा येथे झाला. तरुणपणी ते केनियात गेले आणि १९३८ मध्ये तेथील वन्यजीव खात्यात रुजू झाले. उत्तर सरहद्द प्रांताचा विस्तीर्ण, कोरडा मुलूख त्यांच्या देखरेखीखाली होता व त्यांचे ठाणे इसिओलो येथे होते. त्यांच्या पत्नी जॉय यांचा जन्म १९१० मध्ये तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला होता. केनियातील वनस्पती आणि तेथील विविध जमातींची माणसे यांची चित्रे काढणाऱ्या चित्रकर्त्री म्हणून त्या आधीच ओळखल्या जात होत्या. दोघांचा विवाह १९४४ मध्ये झाला.

एका नरभक्षक सिंहाच्या शोधात असताना १ फेब्रुवारी १९५६ रोजी जॉर्ज यांच्यावर एक सिंहीण चालून आली आणि त्यांनी तिला गोळी घातली. ती अशी का चवताळली, याचा उलगडा नंतर झाला. जवळच्या खडकाच्या कपारीत तिची तीन पिल्ले होती. तिन्ही माद्या होत्या आणि त्यांचे वय अवघे काही दिवसांचे होते. त्यांतील सर्वांत लहान ती एल्सा.

ही घटना पुन्हा पुन्हा लक्षात घ्यावी अशी आहे. जगप्रसिद्ध झालेल्या या प्रेमकथेचा आरंभ एका हत्येत आहे. जो प्रतिपालक झाला, त्यानेच प्रतिपाल्याला पोरके केले होते. जॉर्ज हे दुष्ट शिकारी नव्हते. वस्तीला उपद्रव देणाऱ्या श्वापदांचा बंदोबस्त करणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. तरीही त्यांच्या पुढील आयुष्यातील सिंहांविषयीची निष्ठा समजून घेताना हा ऋणाचा धागा दुर्लक्षिता येत नाही.

अनुबंधाची जडणघडण

पहिले दोन दिवस पिल्लांनी दूध घेतलेच नाही. जवळ बाटली नव्हती, म्हणून बिनतारी संचाच्या रबरी नळीचा तुकडा स्तनाग्रासारखा वापरून त्यांना डब्यातील बिनसाखरेचे पातळ केलेले दूध पाजण्यात आले. एकदा ते घशाखाली उतरू लागल्यावर दर दोन तासांनी पाजणे सुरू झाले. पुढे कॉडलिव्हर तेल, ग्लुकोज, हाडांची भुकटी यांची जोड मिळाली. घरातील पाती नावाच्या पाळीव हायरॅक्सने (हा सशाएवढ्या आकाराचा, खडकात राहणारा प्राणी होय) या पिल्लांची दाई होण्याचे काम आपणहून पत्करले. सोनालीला रूपाली लाभली तशी एल्साला पाती लाभली. परजातीतील पिल्लांचे असे साहचर्य बाल्यावस्थेत सहज जुळते, हे दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

पिल्ले सुमारे पाच महिन्यांची झाल्यावर तीन सिंहिणी सांभाळणे अशक्य होणार, हे स्पष्ट झाले. दोघींना हॉलंडमधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठविण्यात आले. एल्सा मागे राहिली. बहिणी गेल्यावर ती अधिकच माणसांना बिलगली. बेचैन झाली की ती जॉय यांचा अंगठा चोखत असे; ही सवय ती मोठी झाल्यावरही टिकली. जॉर्ज यांच्या खाटेवर ती झोपत असे, लँडरोव्हरच्या टपावर बसून प्रवास करीत असे. केनियाच्या सागरकिनाऱ्यापर्यंत आणि तेव्हा रुडॉल्फ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुर्काना सरोवरापर्यंत ती ॲडमसन दांपत्याबरोबर गेली.

या वर्तनाचा शास्त्रीय अर्थ काय? ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९३५ मध्ये 'मुद्रांकन' ही संकल्पना मांडली. अंड्यातून बाहेर आलेले हंसाचे पिल्लू प्रथम दिसणाऱ्या हलत्या वस्तूला आई मानते, असे त्यांना आढळले. सस्तन प्राण्यांत ही प्रक्रिया इतकी यांत्रिक व क्षणिक नसते. तेथे स्पर्श, ऊब, गंध आणि आवाज यांच्या दीर्घ सहवासातून अनुबंध आकारास येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये माकडाच्या पिल्लांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, दूध देणाऱ्या तारेच्या 'आई'पेक्षा मऊ कापडाच्या 'आई'ला पिल्ले बिलगून राहतात. म्हणजेच अनुबंध केवळ अन्नाने बांधला जात नाही. एल्साचे अंगठा चोखणे हे याचेच निदर्शक मानता येईल; त्या अंगठ्यातून तिला दूध मिळत नव्हते, मिळत होता तो धीर.

सिंहाचे समाजजीवन आणि एल्साचे 'कुटुंब'

हाच प्रयोग बिबट्यावर अथवा वाघावर झाला असता तर त्याचे फळ कदाचित वेगळे आले असते. मार्जारकुळातील बहुतेक प्राणी एकांडे असतात; सिंह मात्र कळप करून राहतो. जॉर्ज शॅलर यांनी १९६६ ते १९६९ या काळात सेरेंगेटीत केलेल्या आणि १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समाजजीवनाचे स्वरूप सविस्तर उलगडले. कळपाचा कणा म्हणजे परस्परांच्या नात्यातील माद्या. आई, मुली, बहिणी, मावश्या एकत्र राहतात. नर येतात आणि काही वर्षांनी हुसकले जातात. कळपातील प्राणी भेटताना डोक्याला डोके घासतात, एकमेकांना चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात. अनेकींची पिल्ले एकत्र वाढतात आणि माद्या एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात.

हे चित्र समोर ठेवले की एल्साच्या वर्तनातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. तिने माणसाच्या कमरेला डोके घासणे, हात चाटणे, रात्री जवळ येऊन झोपणे ही सारी मूळची सिंहाचीच भाषा होती. ती माणसासारखी वागत नव्हती. माणसांना ती सिंहासारखी वागवीत होती. आपण ज्याला माणसाळणे म्हणतो त्याची दुसरी बाजू अशी की, सिंहिणीच्या लेखी माणसेच कळपात सामील झालेली असतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा एल्साच्या मातृत्वात सापडतो. रानात सोडल्यानंतर एका रानटी सिंहाशी तिचा समागम झाला आणि २० डिसेंबर १९५९ रोजी तिला तीन पिल्ले झाली. त्यांना जेस्पा, गोपा आणि लिटल एल्सा ही नावे मिळाली. प्रसूतीच्या वेळी सिंहीण कळपापासून दूर जाते व पिल्लांना दडवून ठेवते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, पिल्ले नीट चालू लागली की, ती त्यांना कळपात आणते. एल्साने आपली पिल्ले ॲडमसन दांपत्याच्या तळावर आणली ती २ फेब्रुवारी १९६० रोजी, म्हणजे सहा आठवडे पूर्ण झाल्यावर. पिल्ले 'दाखवायला' आणली, असा या प्रसंगाचा हृद्य अर्थ त्या काळी वाचकांनी लावला आणि तो स्वाभाविकही होता. तथापि, प्रस्तुत लेखकाच्या मते त्याहून अचूक अर्थ असा की, एल्साने आपल्या जातीचा नियम पाळला. तिने पिल्ले कळपात आणली; तिच्यापुरता तो कळप माणसांचा होता, एवढेच. या अर्थाने अनुबंधाचे मोल उणावत नाही, उलट ते वाढते. हे प्रेम आपल्या प्रेमाची नक्कल नव्हते. ते सिंहिणीचे स्वतःचे होते.

मुक्तीचे शिक्षण

एल्सा पूर्ण वाढली तेव्हा ॲडमसन दांपत्यापुढे प्राणिसंग्रहालयाचा मार्ग खुला होता. त्यांनी तो नाकारला. एल्सा सुमारे सत्तावीस महिन्यांची असताना, १९५८ मध्ये, तिला रानात सोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. पहिला प्रयत्न फसला. निवडलेल्या उंचावरील प्रदेशाचे हवामान तिला मानवले नाही, ती आजारी पडली. काही दिवस एकटी सोडली असता शिकार न साधल्याने ती उपाशी राहिली आणि खंगली. त्यानंतर तिच्या जन्मभूमीच्या अधिक जवळच्या, मेरू भागातील ऊरा नदीकाठच्या सखल प्रदेशाची निवड झाली.

येथे एक मूलभूत बाब स्पष्ट होते. शिकारीची ऊर्मी उपजत असते, कौशल्य मात्र शिकावे लागते. दबा धरणे, झेप घेणे, पाठलाग करणे या क्रिया एल्सा खेळातून करीतच होती. परंतु सावज खाली पाडून ठार कसे करावे, फाडावे कोठून, तरस व गिधाडे यांच्यापासून ते कसे राखावे, हे रानातील छावे कळपातील माद्यांच्या मागे दीड-दोन वर्षे हिंडून शिकतात. एल्साला ते शिकविणारी सिंहीण नव्हती. जॉर्ज यांनी सावज मारून तिच्यासमोर ठेवावे, मग ते तिला स्वतः धरू द्यावे, आणि हळूहळू आपण बाजूला व्हावे, असा क्रम ठेवला. दोघे तिला काही दिवस सोडून जात व परत येऊन पाहत. परत आल्याची खूण म्हणून बंदुकीचे बार काढले जात आणि एल्सा रानातून धावत येई. पुढे हे अंतर वाढत गेले.

एल्साने नदीत एक रानरेडा लोळविला, तेव्हाचा प्रसंग या संदर्भात लक्षणीय आहे. तिच्या देखभालीसाठी असलेला मुस्लिम सहायक त्या प्राण्याचे मांस धर्मानुसार खाण्याजोगे व्हावे म्हणून सुरी घेऊन पुढे सरसावला. आपल्या शिकारीजवळ कोणी येणे हे सिंहाला सर्वांत असह्य असते. एल्साने त्याला ओळखले व त्याचे काम करू दिले. रानरेड्याला मारण्याइतकी ती रानटी झाली होती आणि भक्ष्याजवळ माणसाला येऊ देण्याइतकी ती जुन्या नात्याची राहिली होती. या दोन अवस्था एकाच प्राण्यात एकत्र नांदू शकतात, हे एल्साने सिद्ध केले. पिल्लांच्या बाबतीत मात्र जॉय यांनी कटाक्ष पाळला. ती रानटीच राहावीत म्हणून त्यांना हाताळण्याचा मोह त्यांनी आवरला. हात मागे घेणे हादेखील संगोपनाचाच भाग असतो, ही जाणीव येथे दिसते.

एल्साची कहाणी सांगणारे जॉय ॲडमसन यांचे 'बॉर्न फ्री' हे पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. सिंहाकडे केवळ शिकारीचे सावज म्हणून पाहण्याची दृष्टी बदलण्यास या पुस्तकाने मोठा हातभार लावला.

अनुबंधाची किंमत

एल्सा २४ जानेवारी १९६१ रोजी, वयाची पाच वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी मरण पावली. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या बॅबेसिया या रक्तातील परजीवीमुळे तिला मृत्यू आला. अखेरच्या वेळी जॉर्ज तिच्याजवळ होते. तिची समाधी आजच्या मेरू राष्ट्रीय उद्यानात आहे. गोष्ट बहुधा येथे संपविली जाते. अभ्यासकाला येथे थांबता येत नाही.

तिची पिल्ले तेव्हा जेमतेम तेरा महिन्यांची होती. शिकारीत ती तरबेज झाली नव्हती. उपासमार होऊ लागल्यावर ती आसपासच्या गावकऱ्यांच्या शेळ्यांवर पडू लागली. एल्साच्या तेथील वास्तव्याला स्थानिक विरोध आधीपासूनच होता व तिला अन्यत्र हलविण्याचा विचार तिच्या हयातीतच सुरू झाला होता. शेवटी पिल्लांना पकडून १९६१ मध्ये तत्कालीन टांगानिकातील सेरेंगेटीत सोडण्यात आले. पुढे ती दृष्टिआड झाली. जॉर्ज यांनी महिनोन् महिने त्यांचा शोध घेतला. शेळ्या गमावणाऱ्या गावकऱ्याचे म्हणणे मात्र जगप्रसिद्ध पुस्तकांच्या झोतात फारसे आले नाही. आपल्या ग्रामीण भागात बिबट्याने शेळी नेल्यावर मालकाची काय अवस्था होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही त्रुटी जाणवल्यावाचून राहणार नाही.

याहून कठोर उदाहरण 'बॉय' या सिंहाचे आहे. 'बॉर्न फ्री' चित्रपटात वापरलेल्या सिंहांपैकी काही पुढे जॉर्ज यांच्याकडे पुनर्वसनासाठी आले. त्यांत बॉय होता. १९६९ मध्ये त्याने एका लहान मुलाला जखमी केले. जॉर्ज यांना मेरू सोडून कोरा येथे जावे लागले. १९७१ मध्ये बॉयने जॉर्ज यांच्या एका सहायकाचा जीव घेतला आणि जॉर्ज यांनी स्वतःच्या हाताने त्याला गोळी घातली. ज्याच्या आयुष्यातील पहिली सिंहकथा एका गोळीने सुरू झाली, त्याला पंधरा वर्षांनी आपल्याच प्रतिपाल्यावर गोळी झाडावी लागली.

बॉय कृतघ्न होता काय? हा शब्दच येथे गैरलागू आहे. माणसाळणे आणि पाळीव होणे यांत मूलभूत भेद आहे. माणसाळणे ही एका प्राण्याच्या आयुष्यापुरती घडणारी गोष्ट होय. पाळीव होणे ही पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून रक्तात उतरणारी गोष्ट होय. रशियन शास्त्रज्ञ द्मित्री बेल्याएव यांनी १९५९ पासून सायबेरियात रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग केले. प्रत्येक पिढीतील सर्वांत सौम्य कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केल्यावर काही पिढ्यांतच शेपूट हलविणारे, माणसांची ओढ असलेले कोल्हे निपजले. सिंहाच्या बाबतीत अशी निवड कधीही झालेली नाही. म्हणून हाताने वाढविलेली सिंहीण ही आपल्या माणसांना ओळखणारी सिंहीण असते. ती मोठी मांजर होत नाही. किंबहुना माणसाचे भय गेलेला सिंह हा रानटी सिंहाहून अधिक धोकादायक ठरू शकतो.

बोत्स्वानातील सिर्गा या सिंहिणीच्या बाबतीत हीच जाणीव निर्णायक ठरली. तिला २०१२ मध्ये अगदी लहान असताना व्हॅलेंटिन ग्रुनर यांनी वाढविले. ती ग्रुनर यांना मिठी मारते, ती दृश्ये जगभर पाहिली गेली. सिर्गा स्वतः शिकार करण्यास शिकली. तरीही माणसाचे भय नसल्याने तिला मोकळ्या रानात न सोडता मोठ्या कुंपणबंद क्षेत्रात ठेवण्यात आले. एल्साला मिळालेले स्वातंत्र्य तिला मिळाले नाही. पण बॉयच्या वाट्याला आलेला शेवटही टळला.

माणूस आणि सिंह यांतील अधिक धोकादायक कोण, याचेही एक उत्तर या कहाणीत आहे. जॉय ॲडमसन यांचा ३ जानेवारी १९८० रोजी केनियातील शाबा येथे मृत्यू झाला, तेव्हा प्रथम सिंहाच्या हल्ल्याची बातमी पसरली. तपासात निष्पन्न झाले की ती हत्या होती, आणि त्याबद्दल त्यांच्याकडील एका माजी नोकराला शिक्षा झाली. जॉर्ज यांना २० ऑगस्ट १९८९ रोजी कोरा येथे सशस्त्र लुटारूंनी ठार केले. आयुष्यभर सिंहांत वावरलेल्या या दोघांचाही अंत माणसांच्या हातून झाला.

भारतीय संदर्भ

आज सोनालीसारखी सिंहीण घरी वाढविणे कायद्याने शक्य नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार सिंह पहिल्या अनुसूचीत आहे. सर्कशीसारख्या खेळांत सिंह, वाघ, अस्वल, माकड व बिबट्या यांच्या वापरास १९९८ च्या अधिसूचनेने मनाई झाली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी उभे केलेले प्राण्यांचे अनाथालय हे याच मुद्द्याचे वेगळे रूप दाखविते. शिकारीत आई मारली गेल्यावर उरलेल्या पिल्लांना आसरा देण्यातून ते सुरू झाले. तेथेही आरंभी एक हत्या आहे. परंतु ती उपजीविकेसाठी झालेली आहे.

गीरमधील आशियाई सिंहांची संख्या २०२० च्या अंदाजानुसार ६७४ होती, ती २०२५ मध्ये ८९१ झाली. या वाढीबरोबर धोकेही आहेत. एल्साचा बळी घेणारा बॅबेसिया सेरेंगेटीत १९९४ मध्ये श्वानांच्या डिस्टेंपर विषाणूबरोबर आढळला आणि त्या साथीत तेथील सुमारे एकतृतीयांश सिंह दगावले. २०१८ मध्ये गीरमध्येही डिस्टेंपरच्या साथीत वीसहून अधिक सिंह मरण पावले. एका सिंहिणीच्या उशाशी बसून रात्र काढणारे प्रेम आणि संपूर्ण प्रजातीच्या आरोग्याची काळजी वाहणारी व्यवस्था या दोन्हींची गरज असते. पहिले दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर या प्रश्नाचे सर्वांत जिवंत रूप उसाच्या फडात आढळते. तोडणीच्या हंगामात जुन्नर परिसरात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी अशा पिल्लांना 'अनाथ' समजून उचलून नेले जात असे. आता वनविभाग व वन्यजीव बचाव कार्यकर्ते ती पिल्ले तपासून, सापडली त्याच जागी रात्री ठेवतात आणि आई येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत दुरून लक्ष ठेवतात. येथे कोणाला अंगठा चोखू द्यायचा नसतो, नाव ठेवायचे नसते, छायाचित्रात मिरवायचे नसते. या प्रेमाची कोणी पुस्तके लिहीत नाही. तथापि, एल्साच्या कहाणीचा खरा वारसा तेथे चालविला जात आहे, असे म्हणावेसे वाटते.

निष्कर्ष

१. हाताने वाढविलेली सिंहीण आणि तिचा प्रतिपालक यांच्यातील अनुबंध खरा असतो. तो केवळ अन्नावर आधारलेला नसून स्पर्श, ऊब व दीर्घ सहवास यांतून घडतो.
२. सिंहाच्या कळपप्रिय स्वभावामुळे हा अनुबंध विशेष दृढ होतो. सिंहीण माणसाला आपल्या कळपाचा घटक मानते. सहा आठवड्यांची पिल्ले तळावर आणण्याची एल्साची कृती याची साक्ष देते.
३. माणसाळलेला प्राणी पाळीव झालेला नसतो. अनुबंध ओळखीच्या माणसापुरता असतो. तो इतरांच्या सुरक्षिततेची हमी देत नाही.
४. पुनर्वसन शक्य आहे. परंतु त्यासाठी वर्षानुवर्षांचे कष्ट, योग्य अधिवास व स्थानिक लोकांची संमती आवश्यक असते. यांपैकी तिसऱ्या घटकाकडे एल्साच्या बाबतीत पुरेसे लक्ष दिले गेले नाही.
५. पिल्लाला आईपासून तुटू न देणे हेच सर्वोत्तम संगोपन होय.

समारोप

आरंभी नमूद केलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. एवढा जीव लावला होता, तर सिंहिणीला पिंजऱ्यात का ठेवले? उत्तर असे की, जीव लावला तेव्हाच तिच्या रानाकडे परतण्याच्या वाटा अरुंद झाल्या होत्या, आणि घर तिला पुरणार नव्हते. यात प्रतिपालकाचा दोष शोधण्याचे कारण नाही. पोरके पिल्लू दारात आल्यावर कोणताही सहृदय माणूस दूधच पाजील. परंतु त्या पहिल्या घोटाबरोबर आपण त्या जिवाच्या साऱ्या आयुष्याचे उत्तरदायित्व स्वीकारतो, ही जाणीव असणे अगत्याचे आहे. ॲडमसन दांपत्याने ते उत्तरदायित्व एल्साला आपल्यापासून दूर जाण्यास शिकवून निभावले. अध्यापनाच्या व्यवसायात असणाऱ्या आपल्या सर्वांना या कृतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.